हायवेवर टँकर पलटी झाला: पहिला अर्धा तास

कोल्हापूरजवळच्या किणी टोल नाक्यावर तासभर उभं राहून नुसते टँकर बघितले, तरी आपल्या जिल्ह्यातून काय काय जातं याचा अंदाज येतो. घरगुती गॅसचे लांबट बुलेट टँकर, पेट्रोल-डिझेल, कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघालेलं स्पिरिट आणि इथेनॉल, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यांसाठी कॉस्टिक सोडा, पेरॉक्साइड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), फाउंड्र्यांसाठी द्रवरूप ऑक्सिजन, शीतगृहांचा अमोनिया, पाणी योजनांचे क्लोरीनचे टनर (मोठी आडवी नळकांडी), डांबर, ॲसिड. कोकणातून आंबा, करूळ, फोंडा या घाटांनी वर येणारा माल वेगळाच. हंगामात याच रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेल्या, उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर सरकत असतात. अपघात व्हायला एवढं पुरतं.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आपल्याकडे पुण्याच्या बाजूनं येते, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरून. तेल कंपनीची आपत्कालीन गाडीही लगेच दारात नसते. तोवर जागेवर असतात ते ढाब्यावरचे लोक, ट्रॅक्टरवाला, हायवे पोलीस, गावचा पोलीस पाटील आणि जवळच्या केंद्रातला एखादा बंब. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: पहिल्या अर्ध्या तासात गळती थांबवणं हे कुणाचंच काम नाही. लांब राहणं, गाडीवरची पाटी वाचणं आणि ती बरोबर कळवणं, एवढं झालं तरी पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. लोक जवळ जातात, मोबाइल काढतात आणि फोनवर नुसतं 'टँकर पलटी झालाय, लवकर या' एवढंच सांगतात.

आकारावरून काय कळतं, काय कळत नाही

दोन्ही टोकं घुमटासारखी गोल, अंगावर कुठंही जोड नाही, वर मोठं झाकण नाही, अशी टाकी म्हणजे दाबाखालचा वायू: एलपीजी, अमोनिया वगैरे. टोकं चपटी, आडवा छेद लंबगोल आणि वर ओळीनं तीन-चार झाकणं असतील तर बहुधा पेट्रोल-डिझेल. प्रत्येक झाकणाखाली स्वतंत्र कप्पा असतो. मोठ्या ट्रकवर टाकी मात्र लहान दिसली, तर माल जड आहे. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं एक लिटर जवळपास १.८४ किलो भरतं, म्हणून वीस टनांची टाकी अकरा हजार लिटरच्या आसपासच असते.

चकाकणाऱ्या स्टीलच्या टाकीबाबत मात्र कोल्हापूरकरांनी जास्त सावध राहायला हवं. आपल्या नजरेला ती दुधाची वाटते, कारण दुधाचे टँकर आपण रोज बघतो. स्पिरिट, पेरॉक्साइड आणि कित्येक सॉल्व्हंट अशाच टाकीतून जातात. आकारावरून अंदाज बांधा, पण निर्णय पाटी वाचूनच घ्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १३४ व्या नियमाप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर दोन्ही बाजूंना आणि मागे असे तीन आपत्कालीन माहिती फलक लागतात. गाडी एका कुशीवर पडली तरी एखादी पाटी दिसतेच. तिच्यावर मालाचं नाव, चार आकडी यूएन नंबर (मालाचा जगभर एकच असणारा नंबर), हॅझकेम कोड (आग-गळतीत काय करायचं त्याची खूण), वर्गाचा रंगीत चौकोन आणि संपर्काचे फोन असतात. जवळ जाऊन वाचायची गरज नाही. शंभर मीटरवरून, वारा पाठीवर घेऊन मोबाइलचा कॅमेरा झूम केला की नंबर वाचता येतो.

सगळ्यात महत्त्वाचा तो चार आकडी नंबर. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, ११७० इथेनॉल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड, १७८९ हायड्रोक्लोरिक, १८२४ कॉस्टिकचं द्रावण, २०१४ हायड्रोजन पेरॉक्साइड. फोनवर हा नंबर 'दहाशे सतरा' असा सांगू नका, एकेक आकडा सुटा सांगा. १०१७ आणि ११७० मध्ये तेच चार अंक आहेत, फक्त जागा बदलल्यात. एक क्लोरीन आहे, दुसरं स्पिरिट. एकासाठी श्वसनयंत्रं आणि गावातली दारं-खिडक्या बंद करणं, दुसऱ्यासाठी वेगळ्या जातीचा फोम. चूक ऐकलं तर चुकीचं सामान घेऊन बंब निघतो.

चौकोनाचा रंग लांबूनही दिसतो. लाल म्हणजे पेटणारं. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी. वर पांढरा, खाली काळा म्हणजे कातडी जाळणारं. पिवळा म्हणजे स्वतः न जळता दुसऱ्याला पेटवणारं. निळा दिसला तर पाण्याचा पाइप खाली ठेवा; ओलं झालं की धोका वाढणारा माल आहे. वर पांढरा, खाली लाल असेल तर आपोआप पेटणारं. बंदरातून येणाऱ्या आयएसओ टाक्यांवर (कंटेनरसारख्या चौकटीतल्या टाक्या) कधी नारिंगी पाटी असते, वर दोन-तीन आकडी संख्या आणि खाली यूएन नंबर. वरच्या आकड्याच्या आधी एक्स हे अक्षर असेल तर पाणी मारायचं नाही.

हॅझकेम कोड बंबवाल्यांसाठी आहे, पण त्यातली एक खूण पोलीस पाटलालाही उपयोगी पडते. पहिला आकडा कशानं विझवायचं ते सांगतो: १ जाड फवारा, २ बारीक तुषार, ३ फोम, ४ कोरडी पावडर. नंतरचं अक्षर पी, आर, एस, टी पैकी असेल तर सांडलेलं भरपूर पाण्यानं पातळ करता येतं. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर ते गटारात, ओढ्यात जाऊ न देता अडवायचं. शेवटी ई असेल तर आसपासचे लोक हलवायचा विचार लगेच करा. पेट्रोलचा कोड ३वायई असतो: फोम लागेल, माल अडवावा लागेल, माणसं हलवावी लागतील.

पाटी नेहमी खरी असते असंही नाही. माल बदलतो आणि जुनी पाटी तशीच राहते. म्हणून ड्रायव्हर महत्त्वाचा. धोकादायक माल नेण्यासाठी त्यानं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं, केबिनमध्ये ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि उपाय लिहिलेला कागद) असतं, कोणता व्हॉल्व्ह कुठं आहे हे त्यालाच माहीत असतं. अपघात झाला की आपल्याकडे आधी ड्रायव्हरला मारतात. पहिली चापट बसली की तो पळतो आणि त्याच्याबरोबर माहितीही जाते. त्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, बसवा, पाणी द्या आणि माल काय, किती, कुठून भरला हे विचारा. 'गाडी रिकामी आहे' असं तो म्हणाला तरी अंतर कमी करू नका. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते.

फोन कसा करायचा

११२ किंवा १०१ लावा. महामार्गाची मदतवाहिनी १०३३, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८. सांगायचं साधारण असं:

"साहेब, पुणे-बेंगळुरू हायवे, उचगावच्या पुढं, कागलकडं जाणारी लेन. गॅसचा टँकर आडवा झालाय. नंबर एक, शून्य, सात, पाच. खालनं पांढरा धूर निघतोय, आग नाही. ड्रायव्हर बाहेर आहे, क्लीनर आत अडकलाय. वारा गोकुळ शिरगावकडं चाललाय. बंब शिरोलीकडनं येऊ द्या, कागलकडनं नको."

शेवटचं वाक्य बहुतेक जण सांगत नाहीत. वाऱ्याच्या खालच्या बाजूनं आलेला बंब थेट ढगात शिरतो आणि त्याचं इंजिनच ठिणगी देतं. वारा ओळखायला गुऱ्हाळाचा धूर, देवळावरचा झेंडा, उसाचे शेंडे बघा. पावसाळ्यात तो बहुतेक पश्चिमेकडून येतो, पण हिवाळ्यातल्या पहाटे नदीकाठी वाराच नसतो. थंड हवा खाली बसलेली असते आणि जड वायू धुक्यासारखा तिथंच थांबतो. म्हणून विषारी वायूसाठी रात्रीचं अंतर दिवसापेक्षा मोठं धरायचं. घाटात रेंज नसते. तिथं नंबर कागदावर लिहून एकाला वरच्या दिशेला पिटाळा, खाली नको. जड वायू दरीकडेच उतरतो.

माल ओळखू येईपर्यंत चारी बाजूंनी किमान १०० मीटर मोकळं ठेवा. पेट्रोल, स्पिरिट, ॲसिड आहे असं कळलं आणि नुसतं सांडलंय तर ५० मीटरवर काम भागतं; टाकी आगीत सापडली तर ८०० मीटर. एलपीजीची टाकी आगीत असेल तर १६०० मीटर. शिरोलीसारख्या ठिकाणी त्या वर्तुळात घरं, शेड आणि पंप सगळंच येतं. हे अंतर पाळणं अवघड आहे हे मान्य, पण निम्म्यावर तडजोड केली तर ज्यासाठी अंतर राखायचं तेच साधत नाही.

गॅसचा टँकर

एलपीजी बाहेर पडला की एका लिटरचे साधारण २५० लिटर होतात. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून मोरीत, अंडरपासमध्ये, ओढ्यात, विहिरीत उतरतो. उसाच्या फडात हवा हलत नाही, तिथंही रेंगाळतो. दिसतो तो पांढरा ढग प्रत्यक्षात थंडीनं थेंब झालेल्या हवेतल्या बाष्पाचा असतो आणि पेटू शकणारा गॅस त्या ढगाच्या कितीतरी पुढं गेलेला असतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते.

ठिणगी कुठून येईल? बंद पडलेल्या मोटारसायकलचा सेल्फ, ढाब्याची भट्टी, बिडी, फ्रीज. आपल्या भागातली एक गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात सापडत नाही: शेतीपंपाचा ऑटो स्टार्टर. लाइट आली की तो आपोआप मोटर चालू करतो आणि पेटीतला काँटॅक्टर ठिणगी टाकतो. रात्रीचा थ्री-फेज आला की शिवारातले पंप कुणी हात न लावता चालू होतात. म्हणून महावितरणला फोन करून त्या भागाचा फीडर (वीज पुरवणारी लाइन) बंद करून घ्यायचा. बंद असेल तर सांगेपर्यंत चालू करू नका, असं स्पष्ट बजावायचं. घरातली बटणं त्या वेळी बंदही करायची नाहीत आणि चालूही करायची नाहीत. लोकांनी आहे तसं सोडून वाऱ्याला आडवं चालत निघायचं. गाडी चालू करायची नाही.

२०१२ च्या ऑगस्टमध्ये केरळात कण्णूरजवळ चाला इथं टँकर दुभाजकाला धडकून उलटला. गॅस आधी पसरला आणि मग पेटला. २० माणसं गेली, त्यातली बरीच रस्त्याकडेच्या घरांतली. डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरच्या भांकरोट्याला वळणाऱ्या टँकरला ट्रकनं धडक दिली, गॅस पसरला आणि रस्त्यावर थांबलेल्या गाड्यांतली माणसं जळाली. थांबलेली वाहतूक ढगाच्या वाटेत उभी करायची नाही. अपघातापासून एक-दीड किलोमीटर मागेच गाड्या अडवा आणि तिथूनच परत फिरवा.

गळणारा गॅस व्हॉल्व्हवरच पेटला असेल तर ती ज्योत विझवू नका. जळतोय तोवर तो साचत नाही. विझवला आणि गळती चालूच राहिली, तर ढग तयार होऊन पुन्हा पेटतो, आणि तेव्हा सगळा एकदम. खरा धोका ती ज्योत टाकीला चाटत असेल तेव्हाचा. टाकीत द्रव आहे तिथपर्यंतचा पत्रा द्रवामुळे थंड राहतो. वरचा, नुसती वाफ असलेला भाग तापतो, पोलाद नरम पडतं आणि टाकी फाटते. आतला सगळा गॅस एका क्षणात उकळून आगीचा गोळा होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चालू असला तरी हे घडतं, १०-२० मिनिटांतही घडतं. व्हॉल्व्हची शिट्टी चढत जातेय, पत्र्याचा रंग बदलतोय किंवा फुगवटा दिसतोय, तर सगळ्यांनी पाइप टाकून निघायचं, बंबवाल्यांनीसुद्धा.

टाकी थंड ठेवायला पाणी किती लागतं? मान्य प्रमाण मिनिटाला प्रत्येक चौरस मीटरला १० लिटर. सव्वादोन मीटर व्यासाच्या, साडेदहा मीटर लांबीच्या बुलेटचं अंग ८० चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे मिनिटाला ८०० लिटर. पाच हजार लिटरचा बंब सहा मिनिटांत रिकामा. म्हणून पहिला बंब पोचायच्या आधीच दुसरा, तिसरा आणि पाण्याचे टँकर निघालेले हवेत: महापालिका, एमआयडीसी, जवळचा साखर कारखाना, सगळीकडे एकदम फोन. पाण्याची सलग साखळी लागणार नसेल, तर बंब जवळ नेऊन माणसं अडकवण्यापेक्षा लोक हलवण्यात ती मिनिटं घालवावीत, असं माझं ठाम मत आहे.

आग नाही, गळतीही नाही, टँकर नुसता आडवा आहे, तेव्हा सगळ्यात मोठी घाई रस्ता मोकळा करण्याची होते. कुणीतरी हायड्रा क्रेन बोलावतं, साखळी अडकवतं आणि भरलेली टाकी ओढायला लागतं. टाकीचे व्हॉल्व्ह खालच्या किंवा मागच्या बाजूला असतात; आडव्या गाडीत नेमके तेच रस्त्यावर घासतात. कंपनीची आपत्कालीन गाडी येते, अर्थिंग करते, माल दुसऱ्या टँकरमध्ये घेते आणि मग गाडी उचलते. यात सहा-आठ तास सहज जातात. साहेबांचे आणि पुढाऱ्यांचे फोन येत राहतात. पोलिसांनी ते सहन करावेत, पण हायड्रा लावू देऊ नये.

स्पिरिट: आपलाच माल

गॅसला आपण भितो, स्पिरिटला भीत नाही. कारखान्यातलं, ओळखीचं वाटतं. पण रस्त्यावर ते पेट्रोलइतकंच बेभरवशाचं आहे, काही बाबतींत जास्तच. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ एवढी दाट असते की आतलं मिश्रण सहसा पेटत नाही. इथेनॉलच्या टाकीतली हवा-वाफ साधारण १२ ते ४२ अंशांच्या दरम्यान नेमकी पेटण्याजोगी असते. म्हणजे आपल्याकडचा जवळपास वर्षभराचा दिवस त्यात आला. फुटलेल्या झाकणाजवळ वेल्डिंग, ग्राइंडर, लोखंडी पहार, काहीही चालणार नाही.

दुसरं, भर उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. धूर नाही, पिवळा रंग नाही. हवा थरथरते आणि गवत काळं पडत जातं, बस. थर्मल कॅमेरा असेल तर तो वापरावा. नसेल तर सांडलेल्या जागेत 'आग दिसत नाही' म्हणून पाय टाकू नये.

तिसरं पाण्याचं. पाणी मारून पातळ केलं की झालं, असा समज आहे. २० टक्के अल्कोहोल उरलेलं पाणीसुद्धा ३६ अंशांच्या आसपास पेटती वाफ सोडतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी डांबरी रस्ता त्याहून कितीतरी तापलेला असतो. वीस हजार लिटर स्पिरिट १० टक्क्यांवर आणायला पावणेदोन लाख लिटर पाणी लागेल, पाच हजारी बंबाच्या पस्तीस खेपा. अर्धवट पाणी मारलं तर पेटणारं द्रव तेवढं लांब वाहत जातं. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर टँकर उलटला तेव्हा पेटतं द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारी माणसं गेली. आपल्याकडे उचगावला, तावडे हॉटेलजवळ हायवेच्या खालूनही वाहतूक चालते. वरचा रस्ता अडवताना खालचा आधी अडवा.

साधा फोम स्पिरिटवर टिकत नाही. अल्कोहोल त्यातलं पाणी ओढून घेतं आणि फेस बसतो. अल्कोहोलला टिकणारा, एआर जातीचा फोम लागतो. तोही थेट द्रवात घुसवायचा नाही, कडेच्या बांधावर किंवा टाकीच्या अंगावर मारून हळूच पसरू द्यायचा, तरच त्याचा पापुद्रा तयार होतो. ३ टक्के मिसळायचा असेल तर दोनशे लिटरच्या ड्रममधून ६६०० लिटर द्रावण होतं. अल्कोहोलवर बरेच फोम ६ टक्के वापरावे लागतात, म्हणजे तोच ड्रम निम्म्यावर येतो. आता पेट्रोलमध्येही २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यामुळे पेट्रोलच्या टँकरसाठीही एआर फोमच साठवलेला बरा. अग्निशमनाच्या खरेदीत हा मुद्दा मागे पडू नये.

आणि कॅन-बादल्या घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला धावणाऱ्यांसाठी: २५ जून २०१७ ला पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाला लोक असंच पेट्रोल भरत होते. दोनशेहून जास्त माणसं मेली. पोलिसांनी इथं काठी दाखवली तरी चालेल.

ॲसिड, क्लोरीन, अमोनिया

सांडलेल्या सल्फ्युरिक ॲसिडवर थोडं पाणी टाकलं की ते उकळून उडतं. मातीचा किंवा फाउंड्रीच्या कोरड्या वाळूचा बांध घालून आधी अडवायचं, डबकं झालेलं ॲसिड कंपनीच्या पंपानं उचलायचं आणि उरलेल्यावर चुना. कारखान्यांकडे चुना असतो, पण मागताना विझवलेला मागा. कळीचा चुना ॲसिडवर टाकला तर त्याची स्वतःची उष्णता वेगळी सुटते. १०० किलो ९८ टक्के सल्फ्युरिकला ७५ किलोच्या आसपास विझवलेला चुना लागतो, ३३ टक्के हायड्रोक्लोरिकला ३३-३४ किलो. पूर्ण वीस टनी टँकर चुन्यानं मारायचा म्हटलं तर पंधरा टन चुना हवा, म्हणून आधी अडवणं आणि उचलणं.

सांडलेलं शोषायला आपल्याकडे हाताशी असतं ते बगॅस, पाचट नाहीतर लाकडाचा भुसा. डिझेलवर चालेल. नायट्रिक ॲसिडवर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडवर अजिबात नाही. भुसा स्वतःच पेट घेतो, कधी तासाभरानं. हुपरीत चांदीच्या कामाला नायट्रिक लागतं, इचलकरंजीत पेरॉक्साइड. दोन्हीकडच्या लोकांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

क्लोरीनचा टनर ९०० किलोचा असतो. वायू हवेच्या अडीचपट जड, पिवळट हिरवा. गळतीवर पाणी मारायचं नाही. ओल्या क्लोरीननं लोखंड खाल्लं जातं आणि भोक मोठं होतं. श्वसनयंत्र लावलेली प्रशिक्षित माणसं टनर फिरवून गळतीची जागा वर आणतात, म्हणजे द्रवाऐवजी वायू निघतो आणि गळती कित्येक पटींनी कमी होते. अमोनियाचं उलटं: तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून ढगावर लांबून बारीक तुषार मारतात. फक्त साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतायचं नाही, तो जास्तच उकळतो. मूळचा हलका असला तरी टाकीतून सुटलेला थंड अमोनिया आधी जमिनीलगतच सरकतो.

विषारी वायू असेल आणि ढग दारात आला असेल तर पळू नका. वरच्या मजल्यावर जा, दारं-खिडक्या बंद करा, फटींना ओले कपडे लावा. एलपीजीला हा नियम लागू नाही, तिथं निघायचंच. दवंडी देताना किंवा देवळाच्या भोंग्यावरून सांगताना कुठला वायू आहे हे आधी ठरवा, मग बोला.

मिश्र मालाच्या ट्रकला तर पाटीही नसते. एकाच हौद्यात हायपोचे आणि ॲसिडचे कारबॉय (मोठे कॅन) फुटले की तिथल्या तिथं क्लोरीन तयार होतो. कापड रंगवायच्या कामातल्या हायड्रोसच्या (सोडियम हायड्रोसल्फाइट) ड्रमात पाणी गेलं की तो धुमसतो, घशात बसणारा गंधकाचा वास येतो. पावसात उलटलेला ट्रक अर्ध्या तासानं पेटला तर कारण बहुधा हेच. कार्बाइडच्या ड्रमावर पाणी पडलं की ॲसिटिलीन. अशा ट्रकवर सरसकट पाइप सोडू नका, आधी बिलटी (मालाची पावती) शोधा.

माणसं आणि नदी

अंगावर ॲसिड किंवा कॉस्टिक पडलेल्या माणसाचे कपडे आधी काढा आणि वाहत्या पाण्यानं किमान वीस मिनिटं धुवा, डोळे तितकाच वेळ. लाज आणि घाई दोन्ही बाजूला ठेवा. कातडीवर चुना किंवा खायचा सोडा लावू नका. वायू लागलेल्याला गूळ, दूध देऊ नका. अर्धवट बसवून ठेवा, चालवू नका. क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणाला तरी दवाखान्यात न्या. शेती औषधांचा ट्रक असेल आणि माणसाच्या तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर औषधाचं नाव, जमल्यास लेबलचा फोटो, रुग्णवाहिकेबरोबर पाठवा. माखलेल्या कपड्यांसह सीपीआरच्या (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) अपघात विभागात नेलं तर तिथल्या परिचारिकांनाही बाधा होते.

अडकलेला क्लीनर हा सगळ्यात कठीण प्रश्न. गॅसच्या ढगात शिरून त्याला काढायचं काम तुषारांच्या आडून जाणाऱ्या, श्वसनयंत्र घातलेल्या जवानांचं आहे. गावकऱ्यांनी ढगात शिरू नये. हे लिहायला जड जातं, पण ढगात एकामागून एक गेलेली माणसं एकामागून एक पडतात.

सांडलेलं शेवटी पंचगंगेकडेच निघतं. रस्त्याकडेचा नाला जिथं मोरीतून पलीकडे जातो, तिथं मातीच्या पोत्यांचा बांध आधी घाला. पाण्यावर तरंगणाऱ्या तेलासाठी बांधात खालून पाइप टाकून पाणी सोडता येतं, तेल वर अडतं. स्पिरिट आणि ॲसिड पाण्यात मिसळतात, तिथं पूर्ण बंदच लागतं. नदीत गेलंच तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे आणि खालच्या गावांच्या पाणी योजनांना तत्काळ कळवा, म्हणजे जॅकवेलचे (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीचे) पंप बंद होतील आणि बंधाऱ्याचे बरगे (अडसराच्या फळ्या) काढायचे की ठेवायचे हे ठरेल. मळीचा टँकर धोकादायक मालात मोडत नाही, पण नदीला तोही सोडत नाही. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. त्यालाही हाच बांध.

महापुरात गणित बदलतं. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पाणी आलं आणि हायवे बंद पडला. अशा वेळी टँकरच्या रांगा लागतात. गॅस, पेट्रोल आणि रसायनांच्या गाड्या वेगवेगळ्या, वस्तीपासून लांब आणि उंचावर उभ्या करायची जागा पावसाळ्याआधीच ठरलेली हवी.

रस्ता चालू करण्याआधी मोऱ्या, अंडरपास आणि जवळच्या विहिरी गॅस मोजायच्या यंत्रानं तपासून घ्या, आणि मगच महावितरणला फीडर सोडायला सांगा. ॲसिड आणि चुन्याची माती, तेल प्यायलेली वाळू शेताच्या बांधावर टाकून देऊ नका. ड्रममध्ये भरून, वर मालाचं नाव लिहून, माल पाठवणाऱ्या कंपनीच्या खर्चानं धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवायची. पंचनाम्यात तेवढं लिहून घ्या, नाहीतर कंपनीची माणसं टँकर घेऊन जातात आणि माती शेतकऱ्याच्या रानात राहते.